गालाला हात लावण्याचा अधिकार

कार्यालयातील प्रत्येकाचे व्यावसायिक छायाचित्र काढून संकेतस्थळावर झळकवण्याचा निर्णय वरिष्ठांनी एकमताने घेतला, आणि छायाचित्रात कोणी हात कुठे ठेवावेत याचे परिपत्रकही काढले. कारकुनांनी हात सरळ खाली सोडावेत. अधिकाऱ्यांनी हाताची घडी घालावी. शाळेत ही घडी गप्प बसण्यासाठी घालायला लावत. आता तिच्यातून नेतृत्व दिसते, असा खुलासा होता. गालाला हात लावण्याची मुभा मात्र फक्त उपप्रमुख व त्यावरील पदांना होती, कारण विचार करण्याचे काम त्या पातळीपासून सुरू होते.

आवक-जावक विभागाचा कारकून छायाचित्राला बसला तेव्हा त्याची खालची दाढ ठणकत होती. कित्येक वर्षे तो एकाच टेबलावर टपालावर शिक्के मारत आला होता आणि बढतीची आशा त्याने सोडली होती. निदान घरी तरी तसे सांगत असे.

"हात खाली," छायाचित्रकार म्हणाला.

कारकुनाने हात खाली घेतला. तेवढ्यात कळ मस्तकात गेली, हात आपोआप गालावर आला, कपाळाला आठ्या पडल्या, नजर दूर कुठेतरी लागली आणि नेमके तेव्हाच बटण दाबले गेले.

"आणखी एक काढू या का?" कारकुनाने विचारले.

"माणशी एकच मंजूर आहे. आणि खरं सांगू? सकाळपासून इतका चांगला कुणाचा आला नाही. तुमच्या साहेबांना किती वेळ विचार करायला सांगत होतो, त्यांना जमेचना."

चूक उघडकीस आली तेव्हा छायाचित्र सगळीकडे पोचले होते. साहेबांनी कारकुनाला बोलावून पडद्याकडे बोट दाखवले.

"हे काय? तुम्हाला गाल मंजूर नाही."

"साहेब, दाढ दुखत होती. फोटो बदलून घ्या ना."

"फोटो बदलण्याची तरतूद नाही." साहेब बराच वेळ नियम चाळत राहिले. "पद बदलण्याची आहे."

अशा रीतीने कारकून 'उपप्रमुख, विचार व धोरण' झाला. सहा महिने काम समाधानकारक वाटल्यास पद कायम होणार होते. तोंड उघडले की दाढेला वारा लागे, म्हणून तो बैठकीत बोलत नसे आणि त्यामुळे लोक त्याला मुरलेला समजू लागले. कुणी मत विचारले तर तो डोळे मिटून "हं" म्हणे. त्या हुंकारावर दोन योजना रद्द झाल्या आणि एक मंजूर झाली. एकदा त्याने वेदनाशामक गोळी घेतली, तर साहेबांनी त्याला बाजूला घेऊन विचारले, "आज तुमचं लक्ष नाही का? चेहरा फार टवटवीत दिसतोय." त्या दिवसापासून गोळी बंद झाली.

घरी बायकोचे दुःख वेगळे होते. "दात होते तेव्हा चणे नव्हते," ती म्हणाली. "आता चणे आले, तर तुम्ही पेज पिताय. असं किती दिवस चालायचं?"

"निवृत्तीपर्यंत."

"तोवर दाढ टिकायला हवी ना, अहो."

दाढ काही टिकेना. गाल सुजला. कार्यालयाने सुजेला अनुभवाचे वजन मानले, बायकोने मानले नाही. तिने त्याला दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेले.

"आज काढली नाही, तर शेजारच्या दोन्ही जातील," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे तिथेही दुखेल?" कारकुनाने आशेने विचारले.

"पद कायम व्हायला थोडेच दिवस उरलेत, डॉक्टर," तो पुढे अजिजीने म्हणाला. "तेवढे जाऊ द्या."

"काढा हो तुम्ही," बायको म्हणाली. "विचार करायला घरात मी आहे."

दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा धरून कारकून रस्त्यावर आला आणि त्याला साधा, निखळ आनंद झाला. सूज ओसरल्यावर त्याने दोन्ही बाजूंनी चावून भरपेट जेवण केले, गाढ झोपला आणि सकाळी हसतच कार्यालयात शिरला.

"हसताय तुम्ही," साहेब म्हणाले.

"दाढ काढली, साहेब."

"आम्हाला न विचारता?"

व्यक्ती छायाचित्राशी जुळत नसल्याचा शेरा मारून त्याला पुन्हा आवक-जावकला धाडण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या गृहस्थांचे दात निरोगी आहेत, पण ते एक नंबर लहान बूट घालतात. विभागाचे काम समाधानकारक चालले आहे.

कारकुनाला आम्ही विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," तो शिक्का मारत म्हणाला. "पण जेवताना नाही वाटत."

तुम्हाला हसू आले असेल, तर छानच. आता हे पुस्तक जरा उलटे करा. मलपृष्ठावरच्या छायाचित्रात आम्ही आहोत: गालाला हात, कपाळाला आठ्या, नजर दूर. आमचे सगळे दात शाबूत आहेत आणि त्या वेळी आम्ही चहा अजून का आला नाही, एवढाच विचार करत होतो. दुकानात आतली एकही ओळ न वाचता तुम्ही हे पुस्तक घेतलेत ते त्याच चेहऱ्याकडे पाहून.