सरकारांनी नाकारिलेल्या चाकरीची बखर

विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवतेस नमन, आणि परवान्यावर शिक्का मारणारा जो कोणी असेल त्यास दुरूनच नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली सातासमुद्रांपलीकडे एक थोर दौलत नांदत होती, तेथील वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे, ते ऐसे जे :

त्या दौलतीत विद्यापीठे बहुत, आणि देशोदेशींची मुले तेथे शिकावयास येत. विद्या संपली म्हणजे राहावयास मुदतीचा परवाना मिळे, आणि मुदतीत कोणाची चाकरी धरली तर राहावे, न धरली तर बोचके बांधोन स्वदेशी जावे, ऐसा कायदा. तेथे रडणे चालत नसे आणि वशिलाही चालत नसे. मग मुलांस धीर यावा म्हणोन विद्यापीठाचे अधिकारी दर साली आश्विनमासी कोणी बडा व्यापारी पाचारीत, आणि तो आपण कैसे वर चढलो ते सांगे, आणि मुले तो उपदेश ऐकोन घरोघर जात. ते साली थोरले सरकार यांस पाचारण गेले. सरकारांच्या वखारी चहूकडे, जहाजे चहूकडे, परंतु मोठी अडचण ऐसी पडली की सरकारांस सांगण्याजोगे काही घडलेच नव्हते. संपत्ती तीर्थरूपांनी मिळविली आणि सरकार वयात येताच गादीवर बसले; उभ्या जन्मात कोणाचे दारी काम मागितले नाही आणि त्यांस कोणी नाही म्हटले नाही. ऐसियास उपदेश तो काय करावा?

तेव्हा दिवाणजींनी हेमांगी मयेकर, वेंगुर्ल्याची मुलगी, तीस बोलाविले. मयेकरबाई नुकतीच विद्या संपवोन सरकारांचे पदरी भाषणे लिहावयास राहिली होती, आणि तिचा परवाना त्याच चाकरीवर टांगलेला. दिवाणजी बोलिले, "सरकारांचे तरुणपणी थोडे कष्ट पडले असे लिहा. फार नको, सरकारांची प्रकृती नाजूक आहे. आणि हे लिहिणे तुमचे, ही गोष्ट बाहेर गेली तर तुम्हीही बाहेर." मग बाई बैसली, आणि तिने रचिले की, सरकार तुम्हां मुलांएवढे असता एका खोलीत राहत, आणि एका कोठाराची चाकरी चालोन आली, परंतु ती आपल्या मोलाची नव्हे म्हणोन त्यांनी नाकारिली, आणि कोरडा पाव खाऊन हिवाळा काढिला, आणि मग भाग्याचे दार उघडले. लिहिताना बाईस हसू आले, आणि वाचून दाखविता दिवाणजींचे डोळे भरोन आले, तेव्हा तिचे तिलाच कौतुक वाटले. हे खरे ते लिहिले पाहिजे.

त्या बाईबरोबर एके बिऱ्हाडी द्वारका लोखंडे, अंबाजोगाईची मुलगी, राहत होती. ती बाईस ताई म्हणे. द्वारकेच्या परवान्याची मुदत मार्गशीर्षाअखेर सरत होती, आणि बहुत दारे ठोठावोन उत्तरेकडील बर्फाळ गावी एका दूधकारखान्यात दूध तपासावयाचे काम तीस चालोन आले होते. काम हलके, गाव आडबाजूचे, परंतु परवाना टिकत होता. सोमवारी होकार कळवावयाचा होता, आणि तिने जाड कोट विकत घेऊन ठेविला होता.

शुक्रवारी दरबार भरला. सरकार उभे राहिले आणि बोलो लागले, आणि कोठाराची गोष्ट आली तेव्हा खासा सरकारांनी हातचा कागद खाली ठेविला, कारण रोज घोकता घोकता त्यांस ती खरीच वाटो लागली होती. "जे तुमच्या मोलाचे नाही, त्यास नाही म्हणावयास शिका," ऐसे सरकार बोलिले, आणि सभा उठोन टाळ्या वाजवो लागली, आणि द्वारकेने मयेकरबाईचा हात घट्ट धरिला. बाईस तेव्हाच कळावयास हवे होते, परंतु ती टाळ्या मोजीत होती.

सोमवारी सकाळी चहा घेता द्वारका म्हणाली, "ताई, मी त्या दूधवाल्यांना नाही म्हणून कळवलं."

बाईने चहाचा पेला खाली ठेविला. "अगं, वेड लागलं का तुला? आत्ताच्या आत्ता फोन कर त्यांना. चुकून गेलं म्हणून सांग."

"का म्हणून? दोन दोन पदव्या घेऊन दुधात काड्या घालत बसू का? सरकारांनी धीर धरलाच ना?"

"अगं, मोठी माणसं सभेत काहीही सांगतात. सगळंच खरं असतं असं नाही."

"तुझं बरंय ताई, तुला नोकरी हाय. म्हणून मला मिळंल ते घे म्हणायलीस." ऐसे बोलोन ती आत गेली. एक वाक्य बोलावयाचे होते, की ती गोष्ट मी रचिली. ते बाईच्या जिभेवर आले, आणि परवाना आठवला, आणि परत गेले. भ्याली, दुसरे काय म्हणावे? दोन प्रहरी दूधकारखान्याने ते काम दुसऱ्यास दिले.

मग कार्तिक गेला, आणि द्वारका अर्ज पाठवी, आणि नकार येत, आणि प्रत्येक नकारास ती म्हणे, "हा माझा हिवाळा हाय." कोरडा पावही खाऊ लागली. पैका नव्हता म्हणोन नव्हे, सरकारांनी खाल्ला म्हणोन. बाई वरण-भात करोन पुढे ठेवी आणि ती ताट सारी. तेव्हा बाईस राहवेना, आणि ती दिवाणजींकडे गेली आणि सर्व वर्तमान निवेदन केले, आणि म्हणाली, "तिला आपल्या वखारीत कुठेही घ्या. झाडू मारायला घ्या."

दिवाणजी मान हलवोन बोलिले, "मुलगी चांगली दिसते. परंतु धीर कमी पडला. सरकारांनी सोडला नव्हता."

"सरकारांनी काहीच केलं नव्हतं. ते मी लिहिलं."

"तेच म्हणतो, फार सुरेख लिहिले होते. आणि जागेचे म्हणाल, तर परदेशी माणसाची या साली एकच जागा होती, मयेकरबाई. ती तुम्हांस दिली."

बाई उठोन आली. ती जागा सोडीन ऐसे वाटेत अनेक वेळा म्हणाली, आणि बिऱ्हाडी पोहोचेतो म्हणेनाशी झाली.

मार्गशीर्ष सरला. विमानतळावर पोहोचवावयास बाई गेली. द्वारकेने तो जाड कोट काढोन तिच्या हाती दिला आणि म्हणाली, "ठेव तुला. आमच्याकडं काय करायचा?" तेव्हा बाईचा बांध फुटला, आणि तिने सर्व सांगितले, कोठार नव्हते, खोली नव्हती, कोरडा पाव नव्हता, मीच लिहिले, मीच. द्वारकेने पिशवी उचलोन खांद्यास लाविली. शिवी दिली असती तर बरे होते.

"हे मला आता कशाला सांगायलीस?" ती हळूच म्हणाली. "इतके दिवस वाटत होतं, त्यांना जमलं, मला नाही जमलं. माझं नशीब वाईट. आता गावात जाऊन काय सांगू? कुणीतरी लिहिलेलं ऐकून आपल्याच पोटावर पाय दिला म्हणून? मला कमनशिबी तरी राहू द्यायचं होतंस, ताई."

आणि ती रांगेत शिरली, आणि तिने मागे वळोन पाहिले नाही.

येणेप्रमाणे द्वारकाबाई स्वदेशी गेली, मयेकरबाई चाकरीत कायम जाहली, आणि सरकारांची कीर्ती वाढली. तो उपदेश मग त्या दौलतीत गावोगाव वाचला गेला. तो ऐकोन हातची चाकरी नाकारणारी मुले आणखी किती, याची चौकशी दरबारी कोणी केली नाही. मयेकरबाईनेही केली नाही. हे वर्तमान समाप्त.