तीन तुकड्यांचा आजार

आटपाडीकडच्या बिराप्पाचा मेंढा गुंड्या सोमवारी खोकू लागला. नुसतं खोकणं हा शासकीय दृष्टीने आजार नव्हे. नोंद झाली की आजार. म्हणून बिराप्पाने त्याला टेंपोत घातलं आणि सांगलीच्या पशुरोग उच्चार-पडताळणी कक्षात आणलं.

कक्ष नवा होता. औषध फ्रान्सहून येणार, तेव्हा रोगाचं नावही फ्रेंच रीतीने, तुकडे पाडूनच घ्यावं, असं परिपत्रक होतं. शब्द मूळचा ग्रीकांचा, वळण फ्रेंचांचं आणि खिडकी सांगलीची.

"सायेब, निमोनिया झालाय. बिगीनं सुई टोचा," बिराप्पा म्हणाला.

उच्चार अधिकारी विश्वजित यांनी कानांवर हात ठेवले. "पहिला प कुठे गेला? इंग्रज तो गिळतात, फ्रेंच गिळत नाहीत. तीन तुकडे करा. प्नो, मो, नी. जोर शेवटच्यावर."

"प... नो..."

"एका श्वासात! सराव करून उद्या या."

मंगळवारी प जमला, जोर चुकला. बुधवारी जोर जमला, पण तोंडात तंबाखू आढळल्याने उच्चार अपात्र ठरला. आवारातल्या लिंबाखाली मेंढा धापा टाकत होता. त्याच्या घशातून निघणारा 'प्नो' विश्वजितांच्या मते बिराप्पापेक्षा कितीतरी शुद्ध होता. पण अर्जदार मेंढा नव्हता.

"आवं, डाक्टर कुठं हाय त्ये तरी इचारा!" बिराप्पाची बायको धोंडुबाई कळवळली. डॉक्टरांची जागा सहा वर्षं रिकामी होती. त्यांच्याच खोलीत कक्ष थाटला होता.

गुरुवारी सकाळी मेंढा मेला. बिराप्पा धाय मोकलून रडला. कोकरू असतानाच आई मेलेल्या त्या मेंढ्याला त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. हुंदके देतच तो खिडकीशी गेला आणि म्हणाला, "प्नो-मो-नी."

निर्दोष! कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आली, नारळ आला, दुपारपर्यंत फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला. त्यावर बिराप्पाच्या फोटोपेक्षा विश्वजितांचा फोटो मोठा होता.

"सायेब, लय उपकार झालं. त्येच्यावर माझ्या मेंढ्याचं नाव तेवढं घाला की."

"नावाचा रकाना अर्जात नाही," विश्वजित म्हणाले.

वाचकहो, त्यांना हसू नका. ओठ हलवून 'प्नो-मो-नी' तुम्हीही म्हणून पाहिलंत. आता वर न बघता त्या मेंढ्याचं नाव सांगा.