तीन नंबरची खोली

माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पुढे चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि उरलीसुरली समजूत मुलांनी उतरवली. पण पहिला दणका बसला तो कपड्यांच्या एका दुकानात, दुपारी चार वाजता.

समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एका जनसमूहात राहून त्याच्यावर लिहायचं असे. कोणी नावाड्यांवर लिहीत होतं, कोणी डोंगरातल्या मेंढपाळांवर. मला बोट लागते आणि मेंढ्यांची भीती वाटते, म्हणून मी तीन मजली दुकान निवडलं. दुकानातले कर्मचारी ही एक वेगळी जमातच आहे, तिच्या चालीरीती सहा आठवड्यांत उलगडून दाखवते, असं मी आमच्या सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "पातेल्यात काय शिजतंय ते बघा. डाव घालू नका."

दुकानाचे साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. त्यांना भिंतीला टेकलेलंही कोणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "लिहा. पण घड्याही घालायच्या. आणि कॉलेजात देण्याआधी मला वाचायला द्यायचं. आणखी एक, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचं नाही. बसलेला नोकर दिसला की गिऱ्हाईक उठून जातं."

जमात नऊ जणांची होती. शर्टांकडे मोठ्या ताई, एकोणीस वर्षं त्याच जागी. माणूस दारात दिसला की त्याच्या गळ्याचं माप सांगत. बुटांकडे दादा होते. ते दिवसभर लोकांना स्टुलावर बसवत आणि स्वतः गुडघ्यावर असत. "जगाला बसवतो नि मी रांगतो," असं ते म्हणत. बारा शर्ट उलगडून काहीच न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे 'वारा' म्हणत. "ताई, आज सकाळपासून नुसता वारा सुटलाय," असं दादांनी म्हटलं की मी वहीत लिहून घेई. मला सगळे 'वहीबाई' म्हणू लागले.

दुसऱ्या आठवड्यात मला खजिना सापडला. ट्रायल रूम नंबर तीनवर 'बंद आहे' अशी पाटी होती. आणि जवळच्या रॅकच्या टोकाला अधूनमधून एक पिवळा शर्ट लटकायचा. तो लटकला की नऊ जणांपैकी एक जण गायब. दहा मिनिटांनी शर्ट खाली, माणूस हजर, चेहरा ताजा! मी पडदा सारून आत पाहिलं. आत एक स्टूल होतं, बुटांच्या विभागातून मोडीत काढलेलं. त्याचा एक पाय दादांनी सुतळीने बांधला होता.

मी तिथेच उभ्या उभ्या लिहायला लागले, 'जमातीचे पवित्र स्थान.' एवढ्यात मागून मोठ्या ताईंचा आवाज आला.

"मीट ती वही."

"ताई, मी फक्त..."

"हे बघ पोरी," त्यांनी साडी घोट्यापर्यंत उचलली. पाय भिजलेल्या पावासारखे फुगले होते. "हे स्टूल गेलं ना, तर माझी नोकरी महिनाभरसुद्धा चालायची नाही. साहेबांना कळलं तर ते जाणारच. आता काय लिहायचं ते लिही."

मी कुणाचंही नाव न घालण्याची शपथ घेतली. ताईंनी मलाही सव्वाअकराची पाळी दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. सुतळी कुरकुरली. बाहेर गिऱ्हाइकं, शिट्टीवाली लिफ्ट, पैशांच्या पेटीचा खणखणाट, आणि आत मी आणि माझे दोन पाय. आयुष्यात पुढे मला गुबगुबीत खुर्च्या मिळाल्या, पण तसं बसणं पुन्हा जमलं नाही.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण मी शास्त्रज्ञ ना! मी पाळ्यांचा तक्ता केला आणि त्यात एक कोडं निघालं. चार वाजता रोज शर्ट लटके, पण ती पाळी कोणाच्याच नावावर नव्हती. डाव न घालण्याचा सरांचा सल्ला मी विसरले आणि ताईंना विचारलं, "चारला कोण बसतं?"

ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अस्सं. म्हणजे दादा दोनदा बसतात."

दादांनी ऐकलं. "मी? ज्यानं पाय बांधला तो चोर? पैसे घेणारीला विचारा. तिची विजार हल्ली चुरगळलेली असते."

पैसे घेणारी म्हणाली, "आणि शिंप्याच्या गालावर रोज झोपेची वळी कुठून येते?"

दोन दिवसांत जमातीचे तीन तट पडले. ताईंनी दादांशी बोलणं टाकलं. शिंपी मोजपट्टी द्यायलाही माणूस मधे घालू लागला. डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. एका साध्या प्रश्नाने मी माझा विषयच मोडून टाकला होता. शिवाय अशा भांडणांचा आवाज साहेबांपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो?

तिसऱ्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "चारला आपण दोघी तिथे उभ्या राहू. डोळ्यांनी बघू."

चार वाजले. पिवळा शर्ट लटकलेला. मी बाहेरची माणसं मोजली: दादा, शिंपी, पैसे घेणारी, लिफ्टवाला, वरच्या कठड्याशी दिसणारे मजल्यावरचे चौघे आणि शेजारी ताई. नऊच्या नऊ.

"ताई, सगळे बाहेर आहेत."

"मग आत भूत बसलंय का?" म्हणत त्यांनी पडदा ओढला.

आत साहेब होते. बूट काढलेले, मोजे स्टुलाच्या दांडीवर वाळत घातलेले, उजवा पाय मांडीवर घेऊन अंगठा चोळत बसलेले. रोज चार वाजता साहेब 'गोदाम तपासायला' जात. माझ्या तक्त्यात ते नव्हतेच. जमात मोजताना मी त्यांना धरलंच नव्हतं.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही मोज्यांकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे ते स्टूल भंगाराच्या गाडीत चढलंसुद्धा.

ताई शांतपणे म्हणाल्या, "माफ करा साहेब. तीन नंबर बंद आहे. चुकून उघडलं." आणि पडदा पुन्हा नीट ओढला.

मग त्या तडक बुटांकडे गेल्या. "दादा, तुमच्यावर उगाच आळ घेतला हो मी."

"मग कोण ते?"

"आहे. आपल्यातलंच आहे एक माणूस."

दादांनी पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा एकाच टेबलावर उघडले, आणि माझ्या डब्यात पाच जणांनी हात घातला.

अभ्यास लिहून झाला तशी मी वही साहेबांकडे नेली; तीन नंबर आता त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. दोन दिवसांनी ती परत आली. तीन नंबरवरची अकरा पानं आडव्या रेघेने खोडली होती आणि समासात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सदर खोली दुरुस्तीसाठी बंद आहे. लेखिकेने खात्री करून घ्यावी.' खाली सही. आणि सहीखाली, जरा बारीक अक्षरात, 'सुतळी बदलली आहे.'

मी अकरा पानं काढून टाकली. सरांनी अभ्यास वाचला आणि शेरा मारला, 'ही माणसे दिवसभर बसतच नाहीत, हे पटण्यासारखे नाही. निरीक्षण वरवरचे.' चाळीसपैकी सतरा गुण मिळाले. पास व्हायला सोळा लागत.

पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्या वर्गात खिडकीपाशी एक बाक मोकळा ठेवलेला असे. ज्याला फार झोप आली, रडू आलं किंवा गणित नकोसं झालं, त्याने तिथे पिवळं फडकं टाकून दहा मिनिटं बसायचं. कोणी काही विचारायचं नाही. मुलांनी तो नियम चौतीस वर्षं पाळला.

शाळा सुटल्यावर कधी पुस्तक विसरलं म्हणून मी परत आले, तर त्या बाकावर फडकं पसरलेलं दिसे आणि मुख्याध्यापकांच्या चपला दाराशी. मी पुस्तक उद्या न्यायची.