कवंडळ, तीन रोबो आणि बाबांचा वायपर

लाल बल्ब पेटला नाही. एवढंच झालं होतं. अशा वेळी शहाणा माणूस वायर बघतो, प्लग बघतो, नाहीतर गप्प जाऊन जेवतो. मी तिसरंच काहीतरी केलं आणि त्याच्यामुळे आज माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. (डावा जातो. पण डाव्याने मला काहीच जमत नाही, उजव्याने तरी कुठे जमतं म्हणा.)

मी रुद्रेश, सर्वणचा. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा दहावीने मला परत पाठवलं. मग मीच तिचा नाद सोडला. बाबांचा टिपर आहे, सुर्ल्याच्या खाणीवर खनिज मारतात. पावसात ते काम बंद. म्हणून चवथीला, म्हणजे गणपतीत, टिपर आमच्या अंगणात असतो. वर ताडपत्री, खाली कोंबड्या.

यंदा चवथीला गणपतीसमोर हलता देखावा करायचा, असं मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने, गौरवीने ठरवलं. दरवर्षी सगळ्यांकडे तेच असतं, राक्षस आणि धबधबा. आम्ही रोबो केले. तीन. तुपाच्या डब्याचा कॅप्टन तूप, तेलाच्या डब्याचा लेफ्टनंट तेल आणि बिस्किटांच्या डब्याचा हवालदार बिस्कीट. व्हिलन म्हणजे गौरवीची केस उपटलेली बाहुली. तिला काजळाने मिशी काढली आणि नाव ठेवलं डॉक्टर टकलू. गोष्ट अशी: डॉक्टर टकलूने जगातला सगळ्यात डेंजर ऊर्जागोळा चोरलाय, आणि रोबो तो सोडवायला त्याच्यामागे धावतायत. सायकलची एक मोठी रिम, तिच्या आत एक लहान रिम. मोठीवर रोबो, लहानीवर टकलू. दोन्ही फिरतात.

फिरवायला मोटर पाहिजे. एक बाबांनी पेटीत जपून ठेवलेली जुनी होती, वायपरची. दुसरी टिपरलाच होती. मी म्हटलं, उभ्या ट्रकला वायपर कशाला? उभा ट्रक बघतो कुठे? काढली. दोन्हींना करंट ट्रकच्या बॅटरीतून, वायर जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत. बाबांना सांगितलं नाही, कारण बाबांनी विचारलं नाही.

ऊर्जागोळा म्हणून टकलूच्या हातात एक लाल गोल बल्ब बांधला, उघडझाप करणारा. त्याची वायर मात्र घरच्या बोर्डात. आणि गौरवीने मोबाईलवर आवाज जाड करून रेकॉर्डिंग केलं होतं: "सावधान! सावधान! ऊर्जागोळा फुटला तर ब्रह्मांड खलास!" ते फिरून फिरून वाजायचं. दोन दिवसांत घरच्या मांजराने घर सोडलं.

आता आमचे रघुनाथ काका. काकांचा जीव माटोळीत. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं, पानं, भाज्या बांधायच्या. आमच्याकडे तिची स्पर्धा असते, परीक्षक घरी येऊन एकेक वस्तू वहीत लिहितात. काका वीस वर्षं भाग घेतायत. पहिला नंबर एकदाच आला असता, गेल्या वर्षी. तो माझ्यामुळे गेला. मी एका कच्च्या पपईला गौरवीचं जांभळं नेलपॉलिश लावून ती गुपचूप टांगली होती आणि परीक्षक बाईंना सांगितलं होतं, "हा नागकोंब. बारा वर्षांनी एकदाच धरतो." त्यांनी वहीत लिहिलं. मग कौतुकाने हात लावला. नेलपॉलिश ओलं होतं.

काकांना स्पर्धेतून बाद केलं. काका तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच बोलले, "माटोळीखाली शिंकलास तरी पाय मोडीन."

त्या बाई म्हणजे संजना टीचर. मला नववीत सायन्सला होत्या. यंदाही त्याच येणार होत्या. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजता.

आणि यंदा काकांकडे कवंडळ होतं. कवंडळ म्हणजे रानवेलीचं लालभडक फळ, टेनिसच्या चेंडूएवढं. दिसायला देखणं, पण विषारी. यंदा पावसाने सगळीकडची कुजली. काकांनी रानात दोन दिवस फिरून, जळवांना रक्त पाजून, एक मिळवलं. अख्ख्या सर्वणात एक. ते माटोळीच्या मधोमध टांगून काका त्याच्याकडे असे बघत बसायचे, की काकी असती तर तिने माहेर गाठलं असतं. (काकांनी लग्न केलं नाही. माटोळीमुळे राहून गेलं.)

तर दुपारचे पावणेतीन. बाबा वाड्यावर आरतीला घुमट वाजवायला गेलेले. काका चारच्या परीक्षकांना आणायला दोनपासूनच छत्री घेऊन रस्त्यावर उभे. मी देखावा चालू केला. रोबो पळाले, टकलू पळाला. बल्ब पेटला नाही.

"फ्यूज उडाला बल्बचा," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "रुद्रेश, मिक्सर फिरेना रे!"

"मग बघतो गो!" मी म्हटलं. त्यात नवल नव्हतं. तो मिक्सर गेल्या महिन्यात मीच दुरुस्त केला होता.

आता ऊर्जागोळ्याशिवाय देखावा कसा दिसतो? तीन डबे एका टकल्या बाईच्या मागे लागलेत असा. मी वर बघितलं. कवंडळ. लाल, गोल, वर डेंजर. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. व्हिडिओ काढायचा, परत टांगायचं.

"दादा, काका पाय मोडतील," गौरवी म्हणाली.

"शिंकलो तर. मी शिंकत नाही."

कदेरीवर, म्हणजे खुर्चीवर, चढून कवंडळ काढलं, बल्ब सोडून ते टकलूच्या हातात दिलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! मी व्हिडिओ काढायला लागलो. एक फेरी झाली, दोन झाल्या, दहा झाल्या.

"हे रोबो त्याला पकडणार कधी?" गौरवीने विचारलं.

"पकडत नाहीत. दोघांचा स्पीड एकच आहे."

"मग हिरो कसले?" ती म्हणाली, आणि तिने रोबोंच्या मोटरची वायर फास्टला लावली.

टिपरचा वायपर फास्ट म्हणजे काय ते आषाढातल्या पावसाला विचारा. कॅप्टन तूप सुटला. कॅप्टनच्या हातात तलवार म्हणून आईचा आमटी ढवळायचा, नारळाच्या करवंटीचा डवला दिला होता. अर्ध्या फेरीत त्याने टकलूला गाठलं आणि डवला असा मारला की टकलू जनेलातून अंगणात कोंबड्यांत गेला, आणि कवंडळ भिंतीवर जाऊन फुटलं. आतला काळा-हिरवा गाळ कॅप्टनच्या तोंडावर.

"सावधान!" मोबाईल म्हणाला. "ऊर्जागोळा फुटला तर ब्रह्मांड खलास!"

बाहेर काकांचा आवाज. "या टीचर, या. सांभाळून हां, चिखल आहे. तुमची गाडी रुतली तर रुतूं दे, मागाहून काढूया. आधी माटोळी बघा."

टीचर लवकर आल्या होत्या. तीन वाजता. शाळेतही अशाच यायच्या.

गौरवीचा चेहरा बघितला आणि मला कळलं की माझाही तसाच असणार. काकांचं वीस वर्षांत एकदा आलेलं मी गेल्या वर्षी घालवलं, यंदाचं आता भिंतीवरून ओघळत होतं. पाय मोडायचं सोडा. काका काही बोललेच नाहीत तर? परत तीन महिने?

मी कवंडळाची फुटकी दोन भकलं पोदेराच्या पावाच्या कागदी पिशवीत कोंबली. आणि तो फ्यूज गेलेला लाल बल्ब उचलून, वायरीसकट, माटोळीत मधोमध टांगला. होल्डर पानांत लपवला. खालून बघितलं तर कवंडळच. वायर बोर्डातून काढली नाही. मेलेल्या बल्बाची वायर कोण काढतं?

टीचर आत आल्या. गणपतीला नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून नमस्कार केला नाही.

"हा हात लावणार नाही ना कशाला?"

"यंदा तो माटोळीपासून दहा पावलं लांब आहे," काका अभिमानाने म्हणाले. मी पटकन दहा पावलं मागे गेलो. भिंत लागली. त्या भिंतीवर डाग होता, तो पाठीने झाकला.

काका छडीने एकेक दाखवायला लागले. "ही कांगलां. ही माटीं. हे अंबाडे. हे तोरिंजन, बघा वजन कसं आहे." टीचर लिहीत होत्या. "आणि हे..." काकांचा आवाज लग्नात मुलगी देताना होतो तसा झाला, "हे कवंडळ."

टीचरनी चष्मा वर केला. "अरे वा. यंदा हे पहिलंच बघतेय मी."

आणि लाइट आली.

दोनपासून गेलेली होती म्हणे. दिवसाउजेडी मला कसं कळणार? आधी फ्रिज गुरगुरला. मग रांधणीत मिक्सर आपोआप सुरू झाला, वर झाकण नसताना, आणि आईचा "देवा सायबा!" ऐकू आला. आणि मग माटोळीच्या मधोमध कवंडळ पेटलं. विझलं. पेटलं. विझलं.

टीचरनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"रघुनाथराव," शेवटी त्या म्हणाल्या, "जरा जास्तच पिकलंय हे."

काकांची छडी हातातून पडली. ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत होते, डोळ्यांत पाणी. दोन दिवस ज्याला जळवा चावल्या त्या माणसाचे डोळे ते.

मग मी बोललो. मला सवय नाही, पण बोललो. "टीचर, काकांचं खरं होतं. शपथ. मी काढलं."

"मग गेलं कुठे?"

"फुटलं."

"कोणी फोडलं?"

"कॅप्टन तुपाने."

"हजर कर त्याला."

मी कॅप्टनला उचलून आणला. तोंड काळं झालेला, हातात डवला. बरोबर पावाची पिशवी. टीचरनी पेनाच्या टोकाने आतली भकलं चाळवली, बिया बघितल्या, गर बघितला, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"कवंडळच आहे," त्या म्हणाल्या. "एक सांगू रघुनाथराव? गेल्या वर्षीच्या त्या नागकोंबानंतर तुमच्या घरातलं अख्खं फळ मी यंदा मानणारच नव्हते. फुटलं म्हणून आतलं दिसलं. बांधा परत."

काकांनी ती दोन भकलं सुतळीत बांधून टांगली. टीचरनी वहीत लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"सर्किटचा धडा मी शिकवला तेव्हा तू कुठे होतास रे?"

"वर्गाबाहेर, टीचर. तुम्हीच उभा केला होता."

"तरीच," त्या म्हणाल्या.

(निकाल पाचव्या दिवशी लागला. काका पहिले. मी म्हटलं, "काका, मी फोडलं म्हणून बक्षीस आलं हां." काका म्हणाले, "होय पुता, म्हणूनच पाय शाबूत आहेत.")

पण त्या दिवसाचं संपलं नव्हतं. बाहेर पाऊस पडायला लागला, आणि टीचरची गाडी लाल चिखलात दारापर्यंत रुतली. पुढची घरं कारापूरला. तेवढ्यात बाबा गळ्यात घुमट घेऊन आले.

"टीचर, चिंता कसली? आमचा टिपर काय शोभेचा आहे?"

मी मागच्या मागे जाऊन बॅटरीच्या वायरी जागेवर लावल्या. तेवढी अक्कल मला आहे. टीचर आणि काका केबिनमध्ये बसले. बाबांनी स्टार्टर मारला. टिपर सुरू झाला. बाबांनी वायपरचं बटन दाबलं.

काही नाही. परत दाबलं.

बाबा खाली उतरले. पुढचं झाकण उघडून आत बघितलं. मग हळूच जनेलातून घरात बघितलं. तिथे कॅप्टन तूप परत रिमवर उभा होता. त्याची मान तारेची, ती तेवढ्यात खाली पडली.

"रुद्रेश," बाबा म्हणाले.

"बसवतो बाबा. एक तास लागेल."

"टीचरना दिवे लागायच्या आत चार घरं करायची आहेत," बाबा म्हणाले. आवाज एकदम थंड. "टॉवेल घेऊन ये."

सर्वण ते कारापूर मी टिपरच्या पायरीवर उभा राहून गेलो. डाव्या हाताने आरसा धरलेला, उजव्या हातात आईचा टॉवेल. काचेवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाऊस नाकात शिरत होता. बाबा फर्स्ट गिअरमध्ये माणसाच्या चालीने नेत होते, रस्त्याकडेची पोरं बरोबर चालत होती. काका आत छत्री मांडीवर घेऊन कोरडे बसले होते. मधेच बाबा ओरडायचे, "फास्ट!" आणि मी फास्ट करायचो.

चढावावर गाडी हळू झाली तेव्हा आतलं बोलणं ऐकू आलं.

"कृष्णनाथ," टीचर विचारत होत्या, "शाळा सोडल्यावर हा करतो काय?"

बाबांनी गिअर टाकला. काचेतून माझ्याकडे बघितलं.

"वायपर आहे," ते म्हणाले.

"बरं झालं. परमनंट आहे?"

"छे हो. पावसाळ्यापुरता."