फौजदाराचा फोटो

"लांडगा म्हणजे काय, एका रविवारचं काम!"

भिंगारच्या डेपोतल्या कॅन्टीनमध्ये गोरक्षनाथनं हे जाहीर केलं तेव्हा टेबलावर चौघं होते आणि त्यातले तिघं मिसळ खात होते. चौथा छगन. त्याची मिसळ यायची होती, म्हणून त्यानं ऐकून घेतलं आणि तोच अडकला.

गोरक्षनाथ लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून. साल शहाण्णव. निवृत्त होऊन पंजाबला निघालेल्या एका सुभेदाराकडून त्यानं जुना कॅमेरा घेतला होता, हातभर लांब लेन्ससकट. सहा महिन्यांत क्वार्टर्सच्या आवारातला एकही पक्षी त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. बायको जयमाला म्हणायची, "घरात चिमण्यांचे पंचवीस फोटो आहेत, आणि आपल्या लग्नाचे अकरा!" पण चिमणीनं काही माणसाचं नाव होत नाही. नाव होतं ते लांडग्यानं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दोघं पहिल्या पाथर्डी गाडीनं तिसगावच्या अलीकडे उतरले. समोर डोंगर. डोंगर कसला, भाजून काढलेला दगडांचा ढीग! झाडं म्हणायला चार हिवर आणि एक बोर. गवतावर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. नऊ वाजताच दगड असे तापले होते की छगन बसायचा आणि लगेच उठायचा.

गोरक्षनाथनं फोटो काढले. डोंगर साडेसात वाजता. डोंगर आठ वाजता. डोंगर नऊ वाजता.

"अरे, डोंगर काय पळून चाललाय का?" छगन म्हणाला. "एक बास झाला की!"

"प्रकाश बदलतो, छगन."

"प्रकाश बदलतो, पाणी संपतं!"

त्यानंतर एक सरडा झाला, दोन तितर झाले आणि घाईत छगनचा अंगठा झाला. छत्तीसच्या रोलमध्ये तीन फोटो उरले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं. तेवढ्यात वरच्या धारेवर तो दिसला. राखाडी, काटक, कान ताठ!

"खाली पड!" गोरक्षनाथ कुजबुजला.

छगन पडला तो थेट निवडुंगावर. पण बिचाऱ्यानं आवाज काढला नाही. नुसते डोळे पांढरे केले. गोरक्षनाथनं पहिला फोटो काढला, दुसरा काढला. जनावरानं वळून या दोघांकडे पाहिलं, सावकाश जांभई दिली आणि खाली बसून मान खाजवायला लागलं.

"हा घाबरत कसा नाही?" छगननं विचारलं.

"लांडगा आहे तो! त्यानं कशाला घाबरायचं?" असं म्हणून गोरक्षनाथनं जांभईसकट तिसरा फोटो घेतला.

तो जांभईचा फोटो नगरच्या एका दैनिकात पहिल्या पानावर आला. जांभई छापून आली की ती डरकाळीसारखी दिसते, हे गोरक्षनाथलाही तेव्हाच कळलं. 'तिसगाव परिसरात लांडग्याचा मुक्त संचार! भिंगारच्या धाडसी छायाचित्रकाराशी आमना-सामना!' दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये त्याच्यासाठी चार चहा आले. संध्याकाळी क्वार्टर्सच्या मंडळानं शाल आणि नारळ दिला. प्रत्येक सांगण्यात लांडगा थोडा जवळ येत गेला. सोमवारी दोनशे फुटांवर होता, बुधवारी पन्नास, आणि शुक्रवारी, "त्याच्या तोंडाचा वास येत होता हो!" शेवगावच्या एका शाळेनं तर पुढच्या शनिवारी व्याख्यान ठेवलं : 'मी आणि लांडगा'.

इकडे डोंगराखालच्या वस्त्यांवर पेपर पोचला. चार दिवसांत वनखात्याकडे नुकसानभरपाईचे अकरा अर्ज! शेळ्या, करडं, कोंबड्या. एकानं तर सायकलचं सीट खाल्ल्याचं लिहून दिलं होतं. अकरा अर्जांचे अकरा पंचनामे झाले आणि डोंगराच्या पायथ्याला पिंजरा लागला.

पुढच्या गुरुवारी सकाळी डेपोच्या गेटवर एक बाई आली. नाकात मोठी नथ, खांद्यावर घोंगडी, आवाज असा की आत तिसऱ्या इमारतीतल्या टाइपरायटरचं काम थांबलं.

"कुठंय तो फोटूवाला? त्यानं आमच्या फौजदाराला लांडगा केला! पेपरात छापला! आता फौजदाराला पिंजऱ्यात घातलंय न्हवं!"

गेटवरच्या दरवानानं हे ऐकलं आणि जमेल तसं वर कळवलं. दरवानाकडून शिपायाकडे, शिपायाकडून हेडक्लार्ककडे जाता जाता निरोपाला चांगलं अंग भरत गेलं. साहेबांच्या टेबलावर पोचला तेव्हा तो असा होता : गोरक्षनाथनं एका फौजदाराचा नको तो फोटो पेपरात दिला, त्यावर फौजदाराला आत टाकलं, आणि त्याची बायको गेटवर आली आहे!

साहेबांनी गोरक्षनाथला बोलावलं. दार लावून घेतलं.

"खरं सांग. लाच घेताना काढलास?"

"कोणाला, साहेब?"

"फौजदाराला!"

 गोरक्षनाथनं सगळा रोल मनात उलगडून पाहिला. डोंगर, डोंगर, सरडा, तितर, अंगठा. फौजदार कुठेच नव्हता. "साहेब, मागे कुठे उभा असेल तर माहीत नाही," तो कसाबसा म्हणाला, "पण मी मुद्दाम नाही हो काढला!"

"अरे पोलीस खातं आहे ते! आधी गेटवर जा आणि त्या बाईंची माफी माग!"

गोरक्षनाथ गेला. लांबूनच हात जोडले. "ताई, तुमच्या मिस्टरांना माझ्यामुळं त्रास झाला..."

"मालकाला कशाला त्रास हुतोय? मालक मेंढरांमागं हायेत. मी फौजदाराचं बोलतीय!" बाईनं घोंगडीच्या घडीतून पेपर काढला आणि जांभईवर बोट ठेवलं. "ह्यो! आमचा कुत्रा हाय ह्यो!"

त्या बाईचं नाव बायडाबाई. तिची मेंढरं त्या डोंगरावर चरायची आणि राखणीला फौजदार असायचा. वनखात्यानं पिंजऱ्यात आमिष म्हणून करडू बांधलं होतं. करडू ओरडायला लागलं आणि फौजदार कर्तव्याला जागून आत शिरला. दार पडलं. सकाळी लोक बघतात तर करडू फौजदाराच्या पोटाशी गाढ झोपलेलं!

"चार दिस झाले," बायडाबाईचा आवाज एकदम उतरला. "उद्या गाडीत घालून लांबच्या जंगलात न्हेऊन सोडणार म्हनत्यात. त्याला शिकार ठावं न्हाई, भाऊ. भाकरी खातो त्यो. तिथं मरंल. आन हिकडं मेंढरं उघडी पडल्यात. फौजदार न्हाई म्हनल्यावर खरा लांडगा येऊन बसलाय डोंगरावर! दोन कोकरं गेली आमची."

गोरक्षनाथनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बायडाबाईबरोबर तिसगावची गाडी धरली.

पिंजरा वनखात्याच्या चौकीमागे ठेवला होता. रेंजरसाहेब सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"साहेब, हा कुत्रा आहे," गोरक्षनाथ म्हणाला.

"दिसतोय."

"मग सोडा की!"

"कसा सोडू? अकरा पंचनामे झालेत. कागदावर तो लांडगा आहे."

"पण त्यानं करडू खाल्लं नाही!"

"पोट भरलेलं असणार. अकरा पंचनामे झालेत म्हणतोय ना!" रेंजरसाहेबांनी सुस्कारा टाकला. "एक वाट आहे. ज्यानं फोटो काढला त्यानंच लेखी द्यायचं, की हा कुत्रा होता आणि मला ओळखता आला नाही. सहीनिशी. तीन प्रतींत. एक आम्हाला, एक पेपरला, एक तुमच्या ऑफिसला."

ऑफिसला! गोरक्षनाथच्या डोळ्यांपुढे कॅन्टीन उभं राहिलं. ती शाल, ते चार चहा, शेवगावचं व्याख्यान. घसा साफ करत तो म्हणाला, "साहेब, निम्मा लांडगा असेल, असं लिहिलं तर? संकरित?"

"निम्मा?" बायडाबाई उसळली. "ह्याची आई आमच्या चुलीपाशी व्याली! फौजदार, ये रं!"

पिंजऱ्यातला लांडगा उठला. शेपूट अशी हलवायला लागला की सगळा पिंजरा खडखडला. मग त्याचं लक्ष गोरक्षनाथकडे गेलं. एक क्षण त्यानं नीट निरखून पाहिलं, आणि तोंड उघडून सावकाश जांभई दिली.

तोंडाचा वास मात्र आला. गेल्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये सांगितला होता तसाच.

गोरक्षनाथनं कागद मागितला. पहिली प्रत लिहिताना हात जड झाला, दुसरीत कमी, तिसरी तर त्यानं झरझर लिहिली. दार उघडताच फौजदार बायडाबाईच्या अंगावर गेला, तिला खाली पाडलं, नथीसकट तोंड चाटलं आणि मग डोंगराच्या दिशेनं असा सुटला की वळून पाहिलं नाही. बायडाबाई धूळ झटकत उठली. हसत होती आणि डोळे पुसत होती.

"लई उपकार झाले, भाऊ," ती म्हणाली. "पन येक सांगू? फोटू झ्याक आला हाय हां त्याचा!"

बाहेर अकरापैकी सात अर्जदार उभे होते. त्यांचं मत वेगळं होतं. बायडाबाई काठी टेकत पुढं झाली म्हणून गोरक्षनाथला बस मिळाली.

तो तसाच नगरला दैनिकाच्या कचेरीत गेला. संपादकांनी प्रत वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "खुलासा छापू. पण नुसता मजकूर कोण वाचतं? फोटो पाहिजे."

"कुत्र्याचा?"

"तो परत छापला तर लोक परत अर्ज करतील! तुमचा द्या. खुलासा तुमचाच आहे."

खिशात पासपोर्ट साइजचा एक होता. गोरक्षनाथनं दिला.

दुसऱ्या दिवशी पेपर जयमालानंच आधी उघडला. आतल्या पानावर, चौकटीत, गोरक्षनाथचा फोटो होता. भांग नीट पाडलेला, नजर समोर. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : 'वरील छायाचित्रातील प्राणी लांडगा नसून पाळीव कुत्रा असल्याचे निष्पन्न झाले आहे. वाचकांनी घाबरू नये.'

गोरक्षनाथ डोकं धरून बसला. "आता काय करू? पुन्हा खुलासा देऊ?"

जयमालानं चौकट नीट वाचली. मग पेपराची घडी घातली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाळीव लिहिलंय ना? मग बरोबर आहे!"