आधी तू खा

पुनवेच्या सकाळी दिएपकाकीने ओंग दिआसमोर पेरू ठेवला, पण चाखला नाही.

घडलं ते एवढंच. पण फेरीबोटीच्या धक्क्यावर एवढंसं काही घडतच नसतं. तिथे नदीला लाट आली की ती आधी लोकांच्या तोंडात येते, काठाला मागाहून लागते.

ओंग दिआ हा धक्क्याचा भूमीदेव. लाल पत्र्याच्या पेटीत जमिनीला टेकून बसलेला. ढेरी उघडी, हातात पंखा, तोंडभर हसू. हसतो सगळ्यांकडे बघून, पण विश्वास कुणावरच नाही. त्याला कधीतरी कुणीतरी नैवेद्यातून दगा दिला असावा, कारण त्याचा नियम एकच: जो ठेवील त्याने आधी एक घास खायचा. माणूस शाबूत राहिला तरच देव जेवणार. त्यामुळे पुनवेच्या ताटात एकही फळ धड नसायचं. त्या दिवशीही चावलेलं केळं होतं, चावलेला चिकू होता, लुआच्या अननसाची शेंडा उडवलेली फोड होती, आणि मधोमध दिएपकाकीचा पेरू. हिरवागार, अख्खा, निष्कलंक. निष्कलंक असणं हाच त्याचा गुन्हा ठरला.

"दिएपताई," उदबत्ती खोवता खोवता लुआ म्हणाली, "देवाला आज उष्टं नाही वाटतं?"

दिएपकाकीने ओठ मिटूनच मान हलवली, गाडी ढकलली आणि चालू पडली.

आता खरी गोष्ट अशी होती, की काकीच्या तोंडात नवे दात होते. वरची अख्खी ओळ. जिल्ह्याच्या गावी जाऊन बसवून आणली होती आणि धक्क्यावर सांगितलं होतं, मावसबहिणीच्या लेकीच्या लग्नाला गेले होते. खोटं का बोलावं लागलं? तर काकीचा सगळा धंदाच दातांवर उभा होता. घरामागच्या वाडीतले पेरू आणि कैऱ्या ती तिखटमिठाच्या पुडीसह विकायची, आणि गिऱ्हाईक दिसलं की पेरू उचलून असा काही चावायची, की तो 'कर्र' आवाज नदीपार जाई. लोक म्हणत, दिएपने पेरू फोडला की पलीकडचा नावाडी दोर सोडतो. अशा बाईने बोळक्याने पेरू विकायचा? भाताची पेज विकलेली बरी.

नवे दात दिसायला मोत्यासारखे होते. पण ते तिच्या तोंडात पाहुण्यासारखे राहत, कधीही उठून जातील असे. बोलताना टकटक करत, गाताना घसरत, आणि पेरू तर त्यांना नुसता दाखवायचीही सोय नव्हती.

इकडे लुआची शंका उन्हाबरोबर चढत गेली. लुआ म्हणजे समोरची अननसवाली. दोघींच्या गाड्या समोरासमोर, आणि गेली कित्येक वर्षं गिऱ्हाईक नसलं की दोघी एकमेकींना गाण्यातून टोमणे मारत. इकडून एक कडवं, तिकडून उत्तर. बोटीची वाट बघणाऱ्यांना फुकटची करमणूक. त्या दुपारी लुआने अननसाचे डोळे काढता काढता सूर लावला:

"पेरू तिचा सखे बाई, उन्हातही हासे,
विकणारी चाखेना गं, कुठे पाणी मुरतसे?"

सगळे काकीकडे बघू लागले. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं झणझणीत होतं. पण ते बाहेर काढावं तर वरची ओळही त्याच्याबरोबर बाहेर येणार. काकी गप्प बसली.

दिएप गप्प बसली! धक्क्यावर असं कधी झालंच नव्हतं. तिकीटखिडकीतला थुआन डोकं बाहेर काढून म्हणाला, "लुआवहिनी, हिचं काहीतरी बिनसलंय."

"बिनसलं नाही हो भाऊ, भिजलंय. औषधात. चार दिवस झाले तरी पेरू कसा टवटवीत आहे बघा."

"चार दिवस? आज सकाळी तोडलाय मेला!" काकी ओठ न उघडता पुटपुटली. ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांनी एक नवीनच खोड लावून घेतली. हातात पेरू घ्यायचा, तो काकीकडे परत करायचा आणि म्हणायचं, "काकी, आधी तू खा."

"माझा उपास आहे," काकीने शाळेतल्या बाईंना सांगितलं.

"पोटात जखम झालीय, डॉक्टरने नको म्हटलंय," तिने थुआनला सांगितलं.

"लेकीसाठी नवस बोललेय, वर्षभर पेरू वर्ज्य," तिने फुलवाल्या बाईला सांगितलं.

तिन्ही उत्तरं संध्याकाळी लुआच्या गाडीशी एकत्र आली आणि एकमेकांना ओळख देईनात. "उपास, जखम, नवस," लुआ म्हणाली. "विषाला अजून किती नावं असतात गं बायांनो?"

मग थुआनने स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. काकीच्या पेरवाची फोड धक्क्यावरच्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. "बघा, मुक्या जिवाला कळतं!" त्या कुत्र्याने जन्मात कधी पेरू खाल्ला नव्हता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. मग एका कोंबडीने ती फोड टोचली आणि दुपारी ती डोळे मिटून बसलेली सापडली. बातमी पलीकडच्या काठापर्यंत गेली. कोंबडी अंड्यांवर बसली होती ही बातमी मात्र नदीच्या अलीकडेच राहिली.

काकीला धंद्याची चिंता होतीच. पण तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

तिची लेक न्युंग ऑस्ट्रेलियात होती. काकी एकदाच तिकडे गेली होती, बाळंतपणाला. जाताना वाडीतले पेरू पिशवीत भरून नेले होते, एकेक पानात गुंडाळून. विमानतळावर एक कुत्रा त्या पिशवीपाशी असा येऊन बसला, जणू आत मुडदा आहे. मग हातमोजे घातलेला साहेब आला, त्याने पेरू चिमटीत धरून पिंपात टाकले. एक एक. काकी बघत राहिली. या देशात माणसाला आत घेतात आणि पेरवाला घेत नाहीत, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तिच्याच पिशवीतलं वाळवलेल्या आंब्याचं पाकीट मात्र त्याच साहेबाने उजेडात धरून बघितलं आणि परत दिलं. तेव्हा तिला कळलं, की लेकीपर्यंत जायची एकच वाट आहे आणि ती वाळवणीतून जाते.

म्हणून तिने फळं वाळवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याच्या तोआनला गाठलं होतं. वाडीचे पेरू त्याने घ्यावेत, ते पाकिटात बसावेत, आणि तिकडच्या दुकानातून न्युंगने ते उचलावेत. नात मोठी होत होती आणि आजीच्या झाडाचं फळ तिच्या तोंडाला लागलं नव्हतं. तोआनने नमुने नेले होते. निकाल सांगायला तो येणार होता, आणि आला तो नेमका या गदारोळात.

तोआन हा पेशानेच संशयी माणूस. चहा मागवला तरी आधी पेल्याचा वास घेई. त्याने गाडीवरचे पेरू उलटेपालटे केले, देठ बघितले, नखाने साल खरवडली.

"काकी, तपासणीत तुमचा माल स्वच्छ आलाय. औषधाचा थेंब नाही."

काकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"पण," तोआन म्हणाला, "बोटीतून उतरल्यापासून मला पाच जणांनी सांगितलं, की तुम्ही स्वतः तो खात नाही. यंत्र काय हो, यंत्राला शेजारी नसतात. माझा शेजाऱ्यांवर जास्त विश्वास. आमचा माल जिथे जातो तिथले लोक तर आपल्याहून वहिमी. उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू?"

"नवस आहे," काकी कशीबशी म्हणाली.

"मला तर पोट म्हणालीस!" खिडकीतून थुआन ओरडला.

"आणि मला उपास," शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या.

तोआनने वही मिटली. "एक काम करा. देवासमोर एक घास खा. माझं समाधान, देवाचंही समाधान."

बघता बघता ओंग दिआभोवती रिंगण झालं. बोट धक्क्याला लागली होती, पण तिच्यात चढायला कुणी तयार नव्हतं. उतरलेले जाईनात आणि नावाडीही दोर हातात धरून टाचा उंचावून उभा. काकी एक पिकलेला, मऊ, पिवळसर पेरू उचलू लागली, तेवढ्यात लुआने तिचा हात धरला.

"पिकलेला का गं? तुझा नावलौकिक तर कर्रकन वाजणाऱ्याचा." आणि तिने गाडीतला सगळ्यात हिरवा, सगळ्यात टणक पेरू शोधून तिच्या हातात दिला. खाली पडला असता तर फरशीला भोक पडलं असतं.

काकीने पेरवाकडे बघितलं, देवाकडे बघितलं. देव हसत होता. तिला ते पिंप आठवलं आणि हातमोज्यातली चिमूट आठवली. तिने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि चावलं.

कर्र!

तोच जुना आवाज. नदीपार गेला. नावाड्याच्या हातून सवयीने दोर सुटला आणि बोट रिकामीच वाहू लागली.

काकीने पेरू तोंडापासून दूर केला. पेरवाबरोबर वरची ओळही गेली. हिरव्या पेरवात मोत्यासारखे दात रुतून बसले होते, आणि तो पेरू ओंग दिआकडे बघून हसत होता. ओंग दिआ त्याच्याकडे बघून हसत होता.

काकीने तोंडातला तुकडा हिरड्यांनी घोळवला, गिळला, पदर नव्हता म्हणून टोपी बांधायच्या फडक्याने तोंड पुसलं आणि बोबड्या आवाजात म्हणाली, "विष नाही. दात आहेत. नवे. झालं समाधान?"

मग जे हसू फुटलं, ते बोटीमागे धावणाऱ्या नावाड्यालाही आवरेना. थुआन खिडकीच्या चौकटीवर डोकं आपटत हसला. तोआन हसताना पहिल्यांदाच दिसला, आणि त्याचे दात किती पिवळे आहेत हेही दिसलं.

एकटी लुआ हसत नव्हती. तोंडावर हात घट्ट धरून ती तशीच उभी होती. गर्दी बोट पकडायला पांगली, तेव्हा ती जवळ आली.

"दिएपताई, मला वाटलं, तू मला खिजवतेयस."

"मी? तुला? ते कसं गं?"

लुआने आजूबाजूला बघितलं, पाठ फिरवली, पुन्हा वळली. तिच्या तळहातावर एक ओळ होती. वरचीच.

"तीन वर्षं झाली," ती पण आता बोबडंच बोलत होती. "म्हणून मी देवाला सुरीने शेंडा उडवून फोड ठेवते. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी तू अख्खा पेरू ठेवलास. मला वाटलं, हिला कळलंय, ही मुद्दाम दाखवतेय, की बघ, तुझ्यासारखं सुरीने देवाला फसवत नाही, तुझ्याहून मी खरी. माझं माथंच फिरलं."

काकी तिच्या तळहाताकडे बघत राहिली. "कुठल्या डॉक्टरकडचे?"

"बाजारामागच्या. जाड चष्मेवाला."

"मेला! मला म्हणाला, आयुष्यभर हलणार नाहीत."

"मला पण. तू ते चिकटवायचं औषध कुठलं वापरतेस?"

"असं औषध असतं?" काकी थक्क झाली.

तोआन चहाचा पेला हुंगत सगळं ऐकत उभा होता. त्याला एकदम काहीतरी सुचलं. कारखान्याचा वाळवलेला पेरू फार चिवट होतो, अशी तिकडच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार होती. "काकी," तो म्हणाला, "तुमचे पेरू मी घेतो. पण तुम्ही दोघी दर आठवड्याला कारखान्यात या. जो तुकडा तुमच्या या दातांनी तुटेल, तोच पाकिटात जाईल."

तेव्हापासून काकी आणि लुआ वाळवणीच्या परातीपुढे शेजारी शेजारी बसू लागल्या. एक तुकडा हिने चावायचा, एक तिने. पण कुणी आधी चावायचं यावर रोज भांडण.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, दोघी धक्क्यावर असताना, न्युंगचा फोन आला. पडद्यावर नात होती, मांडीवर पाकीट. पाकिटावर हिरव्या पेरवाचं चित्र. काकीने ते ओळखलं आणि तिला बोलवेना. शेजारून लुआ म्हणाली, "अगं बोल ना, दात चिकटले का?"

नातीने एक तुकडा काढला, उजेडात धरून बघितला, हुंगला, आणि आईकडे वळून म्हणाली, "आधी तू खा."

"बघ, तुझीच नात," लुआ म्हणाली.

न्युंगने एक तुकडा तोंडात टाकला, आणि चावता चावता तिचा चेहरा बदलला. "आई," ती एवढंच म्हणाली. मग नातीने खाल्ला. खाताना हसली, तेव्हा समोरचे दोन दात नव्हते. दुधाचे, नुकतेच पडलेले.

"आजी, माझे दात पडले. तुझे आहेत?"

काकीने लुआकडे बघितलं. दोघींनी वरची ओळ काढली, फोनसमोर धरली आणि तोंड भरून हसल्या. तिकडे नात हसली. मागे पत्र्याच्या पेटीत ओंग दिआ हसत होता. हसणाऱ्या चौघांत त्याचेच दात तेवढे जागच्या जागी होते.