गोड बोलणारी ताई

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मोबाइलवर भांडणारे पुष्कळ आहेत, पण "तू माझ्यावर ओरडत का नाहीस?" म्हणून भांडणारा एकटा हर्षल. आमचा शेजारी. मूळचा करावे गावचा, वय बावीस, नोकरी कॉम्प्युटरवरची. मोबाइलमधल्या चॅटबॉटला हा 'ताई' म्हणतो आणि ताई फार गोड बोलते, हीच त्याची तक्रार.

"उशीर झाला तरी हरकत नाही, स्वतःची काळजी घे," ताई म्हणते.

"अगं, अशी कोन ताई बोलते? शिव्या दे!" हा जिन्यातच खेकसतो.

एके दिवशी तो माझ्याकडेच आला. मी शाळेतली निवृत्त बाई. "काकू, तुमी तीस वर्षं पोरांवर ओरडलात. हिला जरा शिकवा ना." माझ्या कर्तृत्वाची एवढी कदर आजवर कोणी केली नव्हती. मी लगेच चष्मा लावला. दोन रविवार खपून आम्ही त्या यंत्राला 'मेल्या' म्हणायला शिकवलं. शेवटी ते म्हणालं, "मेल्या, कृपया वेळेवर जेवत जा." मी हसून हसून बेजार. हर्षल मात्र हसला नाही.

"ती 'कृपया' नाय बोलायची," तो म्हणाला.

"ती कोण?"

मग कळलं. त्याची सख्खी बहीण, दर्शना. चार वर्षांपूर्वी तिनं जातीबाहेर लग्न केलं. दोघं पाया पडायला दारात आली, तेव्हा वडील म्हणाले, "कडी लाव." कडी लावली ती हर्षलनं. त्यानंतर ना यानं फोन केला, ना तिनं. आणि ती राहते कुठे, तर सानपाड्याला! इथून दुसरं स्टेशन.

"ती ओरडली तर काय बोलायचं, त्याची प्रॅक्टिस करतो, काकू."

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी ओरडते. "पुरे झाली प्रॅक्टिस! लाव फोन. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं स्पीकरवर फोन लावला. पलीकडून "हॅलो? हॅलो?" आलं. याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. इतक्या महिन्यांची पाठ केलेली उत्तरं कुठे गेली कोण जाणे. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "दर्शना, मी हर्षलची शेजारीण. तो इथेच आहे, पण बोलत नाहीये."

मग ती म्हणाली, "रडत असंल. रडला की त्याला बोलता नाय येत. फोन ठेवू नका, काकू. थांबते मी."